प्रमिलाबाईंचा वूफर

प्रमिलाबाई भांडायच्या आधी टेम्पोचं इंजिन बंद करायच्या. आमच्या गुलटेकडीच्या रस्त्यावर बाकी सगळे गाडी चालू ठेवून भांडतात, म्हणजे प्रकरण अंगाशी आलं की पहिला गिअर टाकून निघता येतं. बाईंना निघायचं नसायचं. किल्ली काढून त्या साडीवर घातलेल्या पुरुषी शर्टाच्या खिशात टाकायच्या, खाली उतरायच्या, दार शांतपणे लावायच्या आणि म्हणायच्या, "हं, बोल आता." मी तोवर काहीच बोललेलो नसायचो.

त्यांच्याविषयी गोड लिहावं अशी माझी इच्छा नाही. जमणारही नाही.

माझं गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवून द्यायचं दुकान आहे. वडील नाना पेठेत ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचे. ट्रान्झिस्टर संपले तेव्हा मी मार्केट यार्डाजवळ गाळा घेतला, कारण तिथे टेम्पो होते आणि टेम्पोवाल्याला गाणं लागतंच. वडिलांनी धंद्यातली एकच गोष्ट घोटून घेतली होती: गिऱ्हाइकावर आवाज चढवायचा नाही. प्रमिलाबाई येईपर्यंत ती पाळणं अवघड नव्हतं.

थंडी सरत आलेली होती. कोथरूडचे एक गृहस्थ कारचा मागचा स्पीकर बदलून घेत होते, इतक्यात एक छोटा टेम्पो दुकानाच्या दाराला आडवा येऊन थांबला. इंजिन बंद झालं. उंच, दणकट, पन्नाशीच्या आतबाहेरच्या बाई खाली उतरल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"तुह्याकडं आवाज भेटते काय?"

"कसला आवाज, मावशी?"

"मावशी कोनाची? मी का तुह्या मायची बहीण हाव?"

"बरं, ताई."

"ताई बी नको. प्रमिला नाव हाय. मले आवाज पाह्यजे. मोठा. खालचा." खालचा म्हणजे काय ते मला कळेना. त्यांनी मूठ वळून स्वतःच्या छातीवर आपटली. "इथं लागनारा."

कोथरूडचे गृहस्थ घड्याळ बघत पुढे आले. "आपण गाडी जरा बाजूला घेतलीत तर फार उपकार होतील."

"उपकार मी कोनावरच नाही करत," बाई म्हणाल्या आणि माझ्या स्टुलावर बसल्या.

त्यांची बोली वऱ्हाडकडची होती, आणि पुण्यात इतकी वर्षं काढूनही त्यांनी ती जराही घासू दिली नव्हती. आमच्याकडे अपमान करायचा तर आधी 'अहो' म्हणतात, मग चिमटा काढतात. बाईंकडे 'अहो' नव्हतं आणि चिमटाही नव्हता. सरळ धोंडा.

आता छोट्या टेम्पोच्या केबिनची अडचण सांगायला हवी. आत दोन माणसं बसतात तीच मुळात एकमेकांचे खांदे घासत. सीटच्या खाली इंजिन, त्यामुळे तिथे उष्णता. सीटच्या मागे हात जेमतेम जाईल एवढी फट आणि लगेच पत्रा. अशा जागेत वूफर, म्हणजे छातीला लागणारा खालचा आवाज काढणारा मोठा स्पीकर, बसवायचा तर सपाट, तयार, महागडा घ्यावा लागतो. मी तो दाखवला. किंमत ऐकून बाईंनी तो माझ्या हातातून घेतला, वजन करून पाहिलं आणि परत दिला. "एवढ्यात तं माहा टायर येते. मी तुले येडी दिसून राह्यली का?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. नंतर ते मी इतक्या वेळा ऐकलं की घरी बायकोने भाजीचा भाव सांगितला तरी माझ्या कानात तेच वाजायचं.

दुसऱ्या दिवशी त्या जुन्या बाजारातून एक वूफर घेऊन आल्या. कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या होम थिएटरचा होता. बरोबर स्वयंपाकघरातल्या कपाटाचं एक प्लायचं दार. "याचा डबा बनव." मी म्हटलं, डबा बनेल, ठेवायचा कुठे? सीटमागे ठेवला तर सीट पुढे घ्यावी लागेल, मग स्टिअरिंग पोटाला लागेल. उरली एकच जागा, डाव्या सीटच्या पुढची, पाय ठेवायची.

"मग तिथंच ठेव."

"अहो, पण शेजारी बसणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे?"

"शेजारी कोनी बसनार नाही."

असं म्हणाल्या आणि लगेच प्लायच्या कडेला बोट लावून ओरडल्या, "इथं तिरपं कापलं ना तू! दुसऱ्याचं लाकूड म्हनून कसंही कापतं का?"

त्या सगळं काम होईपर्यंत स्टुलावर बसून होत्या. स्क्रू मोजून घेतले. वूफर डब्यात बसवण्याआधी मी तो जरा आत नेला, तर पाठोपाठ आल्या. त्याचं चुंबक मी बदलून घेईन असा त्यांना संशय होता. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायच्या, "तुमाले बी लुटलं का यानं?" एक जण खरंच निघून गेला.

खरी जुंपली ती फ्यूजवरून. बॅटरीपासून येणाऱ्या तारेला फ्यूज लावल्याशिवाय मी काम करत नाही. तार कुठे घासली तर फ्यूज उडतो. तो नसेल तर केबिन पेटते.

"फ्यूज म्हंजे तुहा नफा."

"फ्यूज म्हणजे तुमची गाडी जळणार नाही."

"जळू दे. माही हाय."

"मग दुसरीकडे जा."

बाई उठल्या, टेम्पोत जाऊन बसल्या आणि गेल्या नाहीत. टेम्पो माझ्या दारात आडवा. दुपार गेली, चहाची वेळ गेली. एकाही गाडीला आत येता येईना. शेवटी मी माझ्या खणातला फ्यूज काढला आणि पैसे न लावता जोडून टाकला. उपकार म्हणून नाही, दार मोकळं व्हावं म्हणून. बाईंनी वाकून बघितलं. "पाह्य. होता ना तुह्याजवळ. लपवून ठेवला होता."

त्या दिवशी मी वडिलांची शिकवण मोडली. काय बोललो ते लिहीत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? आता वाजवून दाखव."

मी एक गाणं लावलं. डॅशबोर्ड थरथरला, काचा झणझणल्या. बाईंच्या कपाळाला आठी. "शब्द कायले टाकले?" म्हणाल्या. "शब्द नाही पाह्यजे. शब्द लय झाले." मग डीजेवाले स्पीकर तपासायला वापरतात तसला नुसत्या ठोक्यांचा एक ट्रॅक मी त्यांच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. गाणं नाही, सूर नाही, पोटात घुसणारे ठोके फक्त. डोळे मिटून त्यांनी तो ऐकला. डॅशबोर्डाची खडखड काढायला मी फटीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबले, आणि त्या गेल्या. जाताना 'बरं झालं' नाही, 'येते' नाही.

बायकोने त्या रात्री बजावलं, "त्या बाईचं नाव जेवताना घ्यायचं नाही."

पुढे रोजे सुरू होणार म्हणून मी खजूर आणि फळं आणायला यार्डात गेलो, तेव्हा बाई दिसल्या. टेम्पो स्टँडवर गाड्यांची रांग लागते. नंबर येईल तसा माल मिळतो. रांग सोडली की नंबर गेला, म्हणून ड्रायव्हर तासन् तास तिथेच असतात. नंबर लावायचं काम बबनकडे. हा बबन स्वतः टेम्पो चालवत नाही, दुसऱ्यांचे नंबर चालवतो. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, कुणाच्याही खांद्यावर हात टाकून बोलायची सवय. त्याने माझ्याही खांद्यावर हात टाकला आणि न विचारता सगळं सांगितलं. हाच टेम्पो आधी बाईंचा नवरा चालवायचा. तो दुसऱ्या बाईबरोबर नाशिकला गेला. कर्ज बायकोच्या नावावर होतं म्हणून टेम्पोही तिच्या नावावर, म्हणून तो मागे राहिला. "आता बाईमाणसाने स्टँडवर बसायचं असतं का, तूच सांग, इक्बालभाई."

तेवढ्यात बाई नळावर बाटली भरायला उतरल्या. आवाज बंद होता. रांगेतला एक जण म्हणाला, "प्रमिला, आज तुझा नंबर कुणाबरोबर?" दोघेतिघे हसले. दुसऱ्याने विचारलं, नाशिकचा पत्ता मिळाला का. कोणी ओरडत नव्हतं, कोणी चिडलेलं नव्हतं. शेंगा खाता खाता टरफलं टाकावीत तसं ते बोलत होते. रोजचंच असावं. बाईंनी बाटली भरली, झाकण लावलं, वर चढल्या आणि वूफर सुरू केला. खिडक्या उघड्या होत्या, काचा लावल्या तर त्या केबिनमध्ये भाजून निघतं. ठोके रांगेच्या शेवटच्या गाडीपर्यंत पोचले. बबन तावातावाने खिडकीशी गेला. त्याचं तोंड हलत होतं. बाईंनी त्याच्या तोंडाकडे निवांत पाहिलं, कानाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

त्यांना शब्द का नको होते ते मला तेव्हा कळलं. कळलं म्हणून त्या आवडायला लागल्या, असं नाही.

चारआठ दिवसांनी बबन दुकानात आला. "तो डबा काढ तिचा. नाहीतर स्टँडवरची एकही गाडी तुझ्याकडे येणार नाही." माझा निम्म्याहून जास्त धंदा त्या स्टँडवरचा. मी बाईंना बोलावून घेतलं, बबनचं बोलणं ऐकवलं आणि सांगितलं, काढू नका, पण निदान आवाज कमी ठेवा.

बाईंनी किल्ली खिशात टाकली. "त्याले काय म्हनलं तू?"

"काही नाही."

"माहा आवाज त्याले टोचते तं तू मले बोलावतं. त्याचा मले टोचत होता, तवा बोलावलं होतं का त्याले?"

"मला काय माहीत तेव्हा? आणि माझ्या पोटावर पाय येतोय तो दिसत नाही का तुम्हाला?"

"तुह्या पोटाचं तू पाह्य. माह्या कानाचं मी पाह्यते."

मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की तो डबा स्वतःच्या हाताने उचकटून रस्त्यावर टाकावा असं वाटलं. तसं मी बोललोही. पाचसहा माणसांनी ते ऐकलं. त्यानंतर स्टँडवरचे टेम्पो माझ्याकडे यायचे बंद झाले.

मग एका सकाळी बाई आल्या, त्या चाकाचा पाना घेऊन. माझा रोजा होता. रोज्यात राग आवरायचा असतो, असं मी स्वतःला सांगेपर्यंत माझ्या काउंटरची काच फुटून खाली आलेली होती.

"कापला ना! कापला ना तू!"

कुणीतरी टेम्पोच्या केबिनमध्ये शिरून वूफरचा कागदी पडदा ब्लेडने उभा-आडवा फाडला होता आणि तारा तोडल्या होत्या. मी उचकटून टाकेन म्हणालो होतो, तेव्हा तो मीच, असा त्यांचा हिशेब.

"मी नाही केलं!"

"तूच बोलला होता!"

"बोललो होतो! करायचं असतं तर तुमच्या तोंडावर केलं असतं!"

बाईंचा पाना धरलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि गेल्या. मी चौकीत तक्रार द्यायला निघालो होतो. शेजारच्या दुकानदाराने काचा झाडायला लावल्या आणि तेवढ्यात राग थोडा उतरला. दोन दिवसांनी बाई एक काच घेऊन आल्या. कुठल्यातरी ऑफिसच्या पार्टिशनची, धुरकट, पलीकडचं काही दिसू नये अशी. काउंटरमधला माल दाखवायला तिचा काय उपयोग? "बसवून घे," म्हणाल्या. "फुकट नाही भेटली." माफी वगैरे काही नाही. आणि वर, "माहा वूफर कधी करून देतं?"

"कधीच नाही. निघा."

त्या निघाल्या. प्रकरण संपलं असं मी धरून चाललो होतो. पण ईदच्या आदल्या दिवशी यार्डात बबन भेटला आणि त्याने सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. "इक्बालभाई, काम चोख केलंस. आमची पोरं म्हणत होती आपण करू, पण तूच केलंस ते बरं. घरचा माणूस तू." रांगेतले ड्रायव्हर हसले. ब्लेड खरं कुणी चालवलं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकाने मला उसाचा रस पुढे केला.

न केलेल्या कामाची शाबासकी इतकी झोंबते, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या बाईने माझी काच फोडली होती, पण निदान मला समोर उभं करून फोडली होती. ह्यांनी मला न विचारता आपल्यात घेतलं.

ईद झाली आणि मी नवा पडदा, तार, सोल्डरिंगचं सामान पिशवीत घालून स्टँडवर गेलो. भर सकाळी, रांग भरलेली असताना. बाईंच्या टेम्पोचं डावं दार उघडलं आणि कामाला लागलो.

बाई वरून बघत होत्या. "उशीर कायले केला?"

"तुमच्यासाठी नाही आलो."

"मग कोनासाठी?"

"गप्प बसा आणि तो पाना द्या."

"मी तुही नोकर हाव का?" असं म्हणत त्यांनी पाना दिला. बाकी कुणी जागचं हललं नाही. माझ्या पाठीला रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा लागलेल्या होत्या. बबन आला आणि मला म्हणाला, विचार कर. मी म्हटलं, केलाय. पडदा चिकटवला, तारा जोडल्या, नवा फ्यूज लावला. ह्या वेळी पैसे घेतले, आणि बाईंनी ते घासाघीस करूनच दिले.

बबनने त्यांचा नंबर बंद केला. बाईंनी टेम्पो यार्डाच्या गेटात आडवा लावला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरल्या. भाजीच्या गाड्या मागे तुंबल्या, व्यापारी ओरडायला लागले, आणि तासाभरात व्यापाऱ्यांनीच बबनला नंबर परत लावायला लावला. ते मी पाहिलं नाही, ऐकलं. हळूहळू माझ्याकडेही टेम्पो यायला लागले. स्वस्तात काम करणारा दुसरा जवळपास नव्हता. पण बाईंचं आणि माझं काही जुळलं नाही. त्या यायच्या, खडखड येते म्हणायच्या, मला चोर म्हणायच्या, मी त्यांना निघा म्हणायचो. एकदा त्या माझ्याच दुकानात उभ्या राहून एका टेम्पोवाल्याला सांगत होत्या, "याच्यावर नजर ठेव. पन दुसरीकडं जाऊ नको, तिथले तं याहून मोठे चोर."

पावसाळा संपत आला तेव्हा त्या शेवटच्या आल्या. डोळे लाल, अंगात ताप, स्टिअरिंगवर हात टेकून बसलेल्या. त्या दिवशी खाली उतरल्याच नाहीत.

"डॉक्टरकडे जा," मी म्हटलं.

"तू खडखड काढ."

मी पाहिलं. खडखड नव्हती. तरी ट्यूबचा आणखी एक तुकडा फटीत घातला. "गेली," म्हणालो. "अजून येते," त्या म्हणाल्या आणि गेल्या. डेंग्यू होता. ताप अंगावर काढत त्यांनी गाडी चालवली, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झालेला होता.

स्टँडवर फ्लेक्स लागला. लायसनवरचा रागीट फोटो मोठा केलेला, खाली 'आमची वाघीण प्रमिलाताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याच्या खाली हात जोडलेल्या बबनचा फोटो, बाईंच्या फोटोहून जरा मोठाच. शोकसभेला मी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. खुर्च्या मांडल्या होत्या, माइक होता. वर्ध्याहून बाईंचा भाऊ आला होता, मनोहर नावाचा, मान खाली घालून पहिल्या रांगेत बसलेला. एकेक जण उठून बोलत होता. ताई म्हणजे स्टँडची शान. ताई म्हणजे आमची मोठी बहीण. नाशिकचा पत्ता विचारणारा तोही बोलला, आणि बोलताना त्याचा आवाज दाटून आला. खोटा नसावा. त्यामुळेच मला जास्त चीड आली. मग बबनने माइक माझ्याकडे सरकवला. "इक्बालभाई, दोन शब्द."

मी उभा राहिलो. तयारी काहीच नव्हती.

"मला ह्या बाई आवडत नव्हत्या," मी म्हणालो. "त्यांनाही मी आवडत नव्हतो. आम्ही ते एकमेकांना तोंडावर सांगितलं, दर वेळी. इथे बसलेल्यांत दुसऱ्या कुणी सांगितलं असेल तर त्याने बोलावं. नाहीतर आता पुरे."

माइक खुर्चीवर ठेवला आणि मागे जाऊन उभा राहिलो. कुणीच उठलं नाही. बबनने सर्वांचे आभार मानले आणि चहा सांगितला.

चहाच्या गर्दीतून मनोहर माझ्याकडे आला. मी निघायच्या बेतात होतो. त्याने नमस्कार केला.

"तुम्हीच का ते स्पीकरवाले?"

"हो. माफ करा, तुमच्यासमोर असं बोलायला नको होतं."

"नाही हो. तुमच्या बोलन्यावरूनच वळखलं, म्हनून आलो. माही बहीण फोन करे तवा तुमालेच शिव्या घाले. दुसऱ्या कोनाचं नावच नाही काढलं तिनं कधी पुन्यातल्या."

"मीही त्यांना घातल्यात."

"ते बी सांगे. तुम्ही काय म्हनले, ती काय म्हनली, समदी नक्कल करून सांगे, तुमचा आवाज काढून." त्याने डोळे पुसले. "आनि हासे. इतकी हासे का पुढचं बोलताच नाही ये तिले."

मी त्या बाईंना हसताना एकदाही पाहिलं नव्हतं.